क्षेत्र किती?

मुलगी बघायला गेलो की अर्ध्या तासात होकार! अशी पैजच मी विनायकमामाशी लावली. का नाही लावणार? चिनी मातीच्या कुळातला चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्याला विजेचा ताण (आमच्या भाषेत ‘क्षेत्र’) द्यायचा आणि आत काय हलतं ते इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे काम करणारा उभ्या बऱ्हाणपुरात दुसरा कोण होता?

(दहापट मोठं करून)

असीरगडच्या पायथ्याशी केळीची बाग. बागेला लागून घर. मुलीचे वडील दगाभाऊ, आई सोजरबाई. दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे रजनी!

“पाव्हणं, काम काय करता?”

“विद्युत क्षेत्रात चिनी मातीचं निरीक्षण.” शुद्ध मराठी! मामाने डोळे मिटले.

दगाभाऊ ताडकन उठले. “चिनी माती? म्हंजे विजेच्या खांबावरच्या पांढऱ्या वाट्या!”

“तसंच समजा!” मी उदारपणे म्हणालो. (इथेच बोट चावायला हवं होतं. बोट नाही, जीभ. घाई झाली.) “क्षेत्र लावलं की आतले सगळे कण एका दिशेला वळतात.”

“कण वळतात? आमच्याकडे साहेब वळत नाही भो! मोटरच्या विजेचा अर्ज दिला तेव्हा राजधानी नागपूर. राज्य बदललं, राजधानी भोपाळ. अर्ज अजून गाडीतच बसलाय! सोजर, वीजवाले साहेब आले! नारळ आण!”

(हजारपट)

बागेत बिनतारेचा खांब. भोवती अर्धं गाव.

“चढा साहेब!”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात रजनीने माझ्याकडे पाहिलं. चढलो! ओल्या भिंतीवरच्या पालीसारखा! अर्ध्यावर पँट खिळ्यात अडकली. ना वर, ना खाली.

“अहो, मी वीजवाला नाही!” मी ओरडलो. “मी नुसतं बघतो!”

खालून मग दगाभाऊंचा गहिवरलेला आवाज, “ऐकलं का रे? काम करतो तो लाइनमन. नुसतं बघतो तो मोठा साहेब!”

(फोकस गेला.)

होकार मिळाला! अर्ध्या तासातच! अट एकच. मोटरला वीज आली की दुसऱ्या दिवशी हळद. फाटकी पँट धरून मी उतरलो, तेव्हा रजनी पुटपुटली, “लवकर करा. खंडव्याचं स्थळ पण येऊन बसलंय.”

दुसऱ्याच दिवशी दगाभाऊंचा नवा अर्ज घेऊन मी वीज ऑफिसच्या खिडकीत. कारकुनाने मान वर न करता विचारलं, “केळी?”

“केळी.”

“क्षेत्र कितना है?”

एकर सांगायचे होते हो! शेताचे एकर! पण ‘क्षेत्र’ हा शब्द कानात शिरला आणि माझ्यातला शास्त्रज्ञ दचकून जागा झाला.

“दर सेंटिमीटरला पाच हजार व्होल्ट!”

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग अर्जावर लाल शाईत लिहिलं :

“नामंजूर. शेतात वीज आधीपासूनच आहे.”