सासऱ्याचं लोणचं

सुनंदाने बेलवलीतला आपला बंगला सीरियलच्या शूटिंगला दिला तो एकाच अटीवर: जेवणाच्या टेबलावर ‘सुनंदा लोणचे’ची बाटली दिसली पाहिजे. तिचा धंदा नवा होता. उल्हासनगरच्या दुकानदार चंदूमल शेठने तर बाटल्या परतच पाठवल्या होत्या. “बहनजी, नाव कोण ओळखते? टीव्ही पे आने दो, फिर रखेंगे.”

शूटिंगच्या दिवशी बाटली फुलदाणीच्या मागे होती.

“अहो, ही दिसणार कुणाला?” सुनंदा म्हणाली.

दिग्दर्शकाने बाटली पुढे घेतली.

“पण नुसती ठेवून काय उपयोग? कुणीतरी खाल्लं पाहिजे ना!”

“बाई, सीन सासऱ्याचा आहे. तो खाईल. झालं समाधान?”

सुनंदाचे स्वतःचे सासरे, अण्णा, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. अंबरनाथच्या फॅक्टरीत सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलेलं. “नाव कॅमेऱ्याकडे करा,” त्यांनीही सांगून टाकलं.

कॅमेरा सुरू झाला. सीरियलमधल्या खाष्ट सासऱ्याने सुनेला चार शब्द सुनावले, बाटलीतली फोड काढून तोंडात टाकली, छातीवर हात ठेवला आणि धाडकन कोसळला.

“कट! फर्स्टक्लास!”

सुनंदा धावत पुढे आली. “अहो, हा माझं लोणचं खाऊन मेला!”

“हार्ट अटॅक आहे बाई तो. पुढच्या भागात डॉक्टर सांगतो.”

“म्हणजे आठवडाभर मी काय तोंड दाखवू? परत घ्या ना सीन!”

पण तोवर मेलेला सासरा दुसऱ्या शूटिंगसाठी टॅक्सीत बसून निघूनही गेला होता.

सुनंदाने आधीच सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. आता कुणी तो भाग बघू नये म्हणून तो लागायचा होता नेमक्या त्याच संध्याकाळी तिने हळदीकुंकू ठेवलं. बायका आल्या आणि टीव्हीसमोरच बसल्या.

“लाव की! तुझं लोणचं येणार ना?” म्हणत शेजारच्या वेणूबाईंनी स्वतःच बटण दाबलं.

सुनंदाने नवऱ्याला खूण केली. चिंतामणी गच्चीवर धावला आणि चित्र बिघडवायला त्याने अँटेना गरागरा फिरवली. इतके दिवस मुंग्या दाखवणारा टीव्ही त्या दिवशी आरशासारखा स्वच्छ झाला.

सासऱ्याने फोड खाल्ली. सासरा पडला. पडद्यावर उरली फक्त बाटली, ठसठशीत नावासकट.

सुनंदाने डोळे मिटून घेतले.

“बरा मेला!” वेणूबाई कडाडल्या. “सुनंचा कवापास्नं जीव खात व्हता!”

बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. “सुनंदा, हेच का गं ते लोणचं? मला एक बाटली दे.”

“मला दोन,” वेणूबाई म्हणाल्या.

“दोन कशाला?”

“आमचेकडं सासरा हाय, चुलतसासरा बी हाय!”

सुनंदाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. गच्चीवरून खाली आलेला चिंतामणी घाबरून विचारत राहिला, “काय झालं? अजून फिरवू का?”

सकाळी चंदूमल शेठचा फोन आला. “बहनजी, वो ससुरवाला अचार है ना? दोन खोके भेजो, सगळ्या बायका तेच मागते!”

सुनंदा आनंदाने गुणगुणत दुपारची पानं वाढायला बसली. अण्णांच्या पानात लोणचं वाढायला तिने चमचा उचलला, तसा त्यांनी हळूच पानावर हात आडवा धरला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मला आज दहीच वाढ.”