साहेब आले की तारा हलतो

तारे विद्युतचुंबकीय बलामुळे हलतात, असे आमच्या वेधशाळेच्या संचालकांचे फार जुने मत होते. ताऱ्यांना ते कळवायचे तेवढे राहून गेले होते. अखेर दुर्बिणीच्या खोलीच्या पुढच्या दाराला विजेवर चालणारे चुंबकी कुलूप बसले, आणि त्याच आठवड्यात एक तारा जागचा हलला. साहेब आत आले की हलायचा. आम्ही बाकीचे मागच्या दाराने येत असू. आमच्यासाठी कधी हलला नाही.

ही नोंद घेणारी संशोधिका हंगामी होती. अहवाल मंजूर झाला तर कायम, नाहीतर महिनाअखेरीला घरी. घरात कमावणारी ती एकटीच.

"तारे कशाने का हलेनात," आईने तिला बजावले होते, "तू तोंड उघडू नकोस."

पण समितीपुढे तिने ते उघडलेच.

"साहेब, तारा हलत नाही. ते दार धाडकन लागतं, त्याने दुर्बीण हादरते."

"दाराला चुंबक आहे?" साहेबांनी शांतपणे विचारले.

"आहे."

"विजेवर चालतो?"

"हो, पण..."

"म्हणजे विद्युतचुंबकीय. आणि त्यामुळे तारा हलतो."

"हललेला दिसतो, साहेब."

"बाई, आपण इथे बघायचाच पगार घेतो."

समितीने मान डोलावली. मीही डोलावली, मान माझी असली तरी खुर्ची कार्यालयाची होती. तरीही शास्त्रीय काटेकोरपणा म्हणून साहेब आठवडाभर रजेवर गेले. तारा ढिम्म हलला नाही. सिद्धांत पक्का झाला.

दुसऱ्या वेधशाळांनी मात्र तारा स्थिर असल्याचे कळवले. चौकशीअंती त्यांच्याकडे तसले कुलूप नसल्याचे आढळले. ही उपकरणांची गंभीर त्रुटी मानून सर्वत्र कुलपे बसवण्यात आली. आता तो सगळीकडून हलतो.

संशोधिकेने तशा अहवालावर सही केली. सही करताना तिला रडू आले, आणि ते आनंदाचे असल्याचे इतिवृत्तात नमूद झाले. ती कायम झाली. साहेब निवृत्त झाल्यापासून वेळच्या वेळी दार आपटायचे काम तिच्याकडे आहे.

यंदा हा सिद्धांत शाळेच्या पुस्तकात आला आहे. तुमची मुलगी विचारील, "बाबा, हे खरं आहे?" तुम्ही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाल, "परीक्षेला आहे ना? मग पाठ कर."

तेव्हा जरा कान द्या. कुठेतरी दार लागल्याचा आवाज येईल.