बिनखर्ची सहल आणि तेहतीस अनारसे

उन्हाळ्यात घरच्यांना कुठंतरी फिरवून आणायचंय, पण खिसा कुरकुर करतोय? मग मला विचारा! मी अर्पिता, यंदा दहावीत गेले. राहणार राजूर, आपल्या वणीजवळचं. इथं सकाळी दोरीवर घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत कोळशाच्या धुळीनं राखाडी होतो, रंगाचा खर्च वाचतो! जानेवारीत मी शाळेची सहलप्रमुख होते. बेचाळीस पोरं नेली, बेचाळीसच परत आणली. सरांनी तीनदा मोजली तर तीन वेगवेगळे आकडे आले. मी मोजली तेव्हाच बेचाळीस भरली! तेव्हापासून जगात नियोजन करता येणारी माणसं दोनच, असं माझं मत झालंय. दुसरं कोण ते अजून सापडलेलं नाही.

तर मे महिना. आमचा कूलर म्हणजे गरम हवा या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात नेऊन टाकणारा हमाल. त्याच्यासमोर बनियनवर बसून बाबांनी जाहीर केलं, "यंदा कुठं जाणं नाई. हेच आपलं थंड हवेचं ठिकाण!"

माझा आठ वर्षांचा भाऊ अमर लगेच भोकाड पसरून बसला. त्याला नागपूरचं वॉटर पार्क हवं होतं. आणि मला? मला परवानगी हवी होती. यवतमाळला जिल्ह्याचं खो-खो शिबिर होतं, दहा दिवसांचं. आमच्या शाळेतून दोघीच निवडलेल्या, मी आणि माझी जिवलग मैत्रीण गझाला. तिच्या अब्बूंनी, म्हणजे गॅरेजवाल्या वाहिदचाचांनी, कधीच हो म्हटलं होतं. आमचे बाबा म्हणत होते, "एकटी? धा दिवस? कोथिंबीर आणाले जाते अन् पिशवी दुकानात ठेवून येते हे पोट्टी!"

एकदाच झालं होतं हो तसं! फार तर तीनदा!

मी उभी राहिले. "बाबा, मी बिनखर्चाची सहल काढून दाखवली तर?"

बाबा हसले. "दाखव! तिकिटाशिवाय आपला एक रुपया लागला नाई पाह्यजे. अन् घरी येईपर्यंत कोणी रुसलं नाई पाह्यजे. मंग जाजो शिबिराले."

झालं! दहा मिनिटांत माझी योजना तयार! मारेगावच्या पुढं आबाजींचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, शेत आहे. तिथं आंब्याची सात झाडं, विहीर आणि मोटारीच्या पाण्यानं भरणारा सिमेंटचा हौद. हौद म्हणजे वॉटर पार्क, आंबे फुकट, जेवण घरच्या डब्यातलं.

अडचण एकच होती. आबाजी बाबांचे सासरे! लग्नाला सोळा वर्षं झाली, पण बाबांनी सासरवाडीकडून सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही, आणि हे ते आल्यागेल्याला पाण्याच्या ग्लासाआधी सांगतात.

"घरी जायचं नाही बाबा. फक्त शेतात. पाचच्या बसनं परत."

"शेतातच नं? मंग ठीक हाये."

आई तांदूळ निवडत होती. एवढंच म्हणाली, "चोवीसले ठेव. त्या रविवारी बाबाले सुट्टी हाये." मी कॅलेंडर बघायला गेले तर ते एप्रिलवरच अडकलेलं. एरवी एक तारखेला पान उलटल्याशिवाय आई चहासुद्धा टाकत नाही. विसरली असेल बिचारी, माझ्या नियोजनानं थक्क होऊन!

मी बबनमामाला फोनवरून निरोप धाडला. 'रविवारी आम्ही येतोय. बाबासुद्धा! थेट शेतात. काहीही करू नका.' मामाचं उत्तर आलं, जोडलेले अकरा हात आणि एक ढोल. मला वाटलं, मामाचा अंगठा घसरला.

रविवारी आम्ही पाच जण निघालो. गझालालाही घेतलं, शिबिराआधीचा सराव म्हणून. बसमध्ये आम्हा बायकांना अर्धं तिकीट, अमरला वयामुळं अर्धं. म्हणजे आमच्या सहलीतली सगळ्यात महागडी वस्तू बाबाच!

शेतात पोचलो तेव्हा ऊन असं होतं की कावळेसुद्धा सावलीसाठी नंबर लावून बसले होते. पण आंब्याखाली गार! हौद काठोकाठ! अमरनं धपकन उडी मारली. बाबा आधी "मी नाई बाप्पा" म्हणत काठावर बसले. मग पाय बुडवले. मग गुडघे. पाचव्या मिनिटाला बनियन आणि हाफपँटीवर बाबा हौदात!

"शर्ट घामानं चिप्प झाला," आई म्हणाली. "द्या, पाण्यातून काढून टाकते." तिनं तो धुऊन कुंपणावर वाळत घातला.

बाबा पाणी उडवत होते, अमर त्यांच्या पाठीवर बसून ओरडत होता, "चल घोड्या, चल!" गझाला आणि मी कैऱ्या खात होतो. खर्च शून्य! रुसवा शून्य! मी मनातल्या मनात शिबिराची बॅगसुद्धा भरायला घेतली.

तेवढ्यात लांबून डफडं वाजायला लागलं.

"अर्पिता, इधर कोणाची शादी हाये का?" गझालानं विचारलं.

आवाज जवळ येत गेला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मिरवणूक येत होती! पुढं दोघं डफडं वाजवणारे, त्यांच्यामागं गुलाबी फेट्यातले आबाजी, मामाच्या हातात झाकलेलं मोठं ताट, मामीच्या डोक्यावर पाट, आणि मागं अर्धं गाव!

"जवाईबापू आले!" आबाजी गरजले. "सोळा वर्सांनी या सदाशिवरावचे जवाई धोंड्याले आले!"

बाबांनी आमच्याकडं पाहिलं, आबाजींकडं पाहिलं आणि थेट पाण्याखाली गेले. वर नुसते बुडबुडे. आबाजींनी बुडबुड्यांना नमस्कार केला.

"धोंडा मतलब?" गझाला कानात कुजबुजली. "जवाई को पत्थर मारते क्या?"

मी कपाळावर हात मारला. धोंड्याचा महिना! साधारण तीन वर्षांनी एकदा पंचांगात जास्तीचा महिना येतो, त्यात सासुरवाडीचे लोक जावयाला मानानं बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, नवे कपडे आणि तेहतीस अनारसे देतात. आणि जो जावई न बोलावता, बायकापोरं घेऊन, अगोदर वर्दी देऊन त्याच महिन्यात येतो, तो कशासाठी आला असं गाव समजणार? वर माझा निरोप, 'काहीही करू नका!' आमच्याकडं पाहुण्यानं असं म्हटलं की यजमानानं काहीही कमी करायचं नसतं, हे शेंबड्या पोराला कळतं. सहलप्रमुखाला नाही कळलं!

माणूस पाण्याखाली राहून राहून किती राहणार? बाबा फुसकन वर आले. "अर्पे! हे काय लावलं तू? हे बिनखर्चाचं हाये?"

"आपला खर्च नाही झाला बाबा..."

"मी सुतळीचा तोडा बी घेतला नाई सोळा वर्सांत! अन् आता हौदात बसून मान घेऊ? चला घरी!"

डफडं थांबलं. आबाजींचा फेटा एकदम जड झाल्यासारखी मान खाली गेली. हळूच म्हणाले, "मांगच्या धोंड्याले तुमी ड्युटी सांगतली. थे तेहतीस अनारसे म्या एकट्यानं खाल्ले जवाईबापू. दोन दात गेले. आता उरले त्याचा तरी इचार करा!"

गाव हसलं. बाबा हसले नाहीत. ते निथळत बाहेर आले आणि शर्ट घ्यायला कुंपणाकडं गेले.

कुंपणाजवळ मामाची बकरी उभी होती. तिच्या तोंडात बाबांची डावी बाही. उजवी आधीच पोटात. कॉलरचा पत्ता नाही. बटणपट्टी तेवढी तिनं सभ्यपणे बाजूला ठेवली होती.

आता बनियनवर एसटीत बसायचं कसं? आबाजींच्या ताटात घडी घातलेला नवाकोरा निळा शर्ट होता. बाबा शर्टाकडं पाहीनात, आबाजी बाबांकडं पाहीनात. एक जावई रुसलेला, एक सासरा रुसलेला. माझं शिबिर गेलं!

पण खो-खोत एक शिकले. समोरचा अंगावर आला की पळायचं नाही, हूल द्यायची!

"बाबा, शर्ट फुकट नका घेऊ!" मी ओरडले. "ही मोटार ऐका. सकाळपासून घरघर करून राह्यली. तुम्ही खाणीतले फिटर. दुरुस्त करा अन् मजुरीत शर्ट घ्या! हा मान नाही, कामाचा मोबदला!"

बाबांनी मोटारीकडं कान लावला. फिटरसमोर घरघरणारी मोटार म्हणजे माझ्यासमोर कैरी!

"बेअरिंग ढिलं हाये," ते पुटपुटले. "पाना हाये का?"

"पाना हाये!" मामा धावला.

"पण सायेब, आमच्या गावात मजुरी अनारशात बी देतात," आबाजी हळूच म्हणाले. "रेट तेहतीसचा हाये!"

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तेहतीस जास्त होतात मामाजी."

"मंग खाताना भाव करू!"

वीस मिनिटांत मोटार मांजरीसारखी गुरगुरायला लागली. बाबांनी हात धुतले, निळा शर्ट घातला. काय फिट बसला! खांद्याला खांदा, कॉलरला कॉलर, जणू शिंप्यानं बाबांना झोपेत मोजलं होतं! मग आंब्याखाली पाट मांडला. मामीनं ओवाळलं, वाऱ्यानं दिवा तीनदा विझला, तीनदा लावला. बाबांनी अकरा अनारसे खाल्ले आणि भाव करायचं विसरले. आबाजी दर अनारशाला टाळी वाजवत होते आणि डोळे पुसत होते, म्हणे ऊन लागलं. सावलीत! आमचा घरचा डबा डफडेवाल्यांनी संपवला. गझाला म्हणाली, "तुमचा धोंडा मस्त हाये यार, हमारे अब्बूले बी कोणी बोलवा!"

पाचच्या बसमध्ये बाबा आबाजींनी बांधलेल्या फेट्यासकट चढले. कंडक्टर म्हणाला, "नवरदेवाले मात्र फुल तिकीट लागन!" सगळी बस हसली. या वेळी बाबासुद्धा.

वणी यायला लागलं तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "जाजो शिबिराले. जे पोट्टी मले हौदातून काढून पाटावर बसवते, तिचं यवतमाळात कोण काय बिघडवते?"

माझी छाती एवढी फुगली की गझालाला सीटवर सरकावं लागलं!

घरी आल्यावर मी ऐटीत कॅलेंडरचं पान उलटलं, शिबिराच्या तारखेवर खूण करायला. मे महिना निघाला. चोवीस तारखेभोवती आधीच लाल गोल होता. खाली आईच्या अक्षरात लिहिलेलं, 'शर्ट ४२, निळा. वहिनीले सांगणे.'

मी आईकडं पाहिलं. ती अनारशांचा डबा फळीवर ठेवत होती.

"आई, तो शर्ट तू बकरीच्या कुंपणावर..."

"मले काय माहीत बाप्पा," आई म्हणाली. "सहलप्रमुख तू हायेस नं!"

तरी सांगते, सहल मीच नेली! पाच माणसं नेली, पाचच परत आणली. आणि नियोजन करता येणारी जगातली ती दुसरी व्यक्ती सापडली. फक्त दुसरी ती की मी, एवढंच अजून ठरलेलं नाही.