ग्युल्काला एकटं सोडलं तेव्हा

फोनमधल्या डॉक्टरला माणसांत मी आणलं! खोटं वाटत असेल तर स्लिवेन शहराच्या कडेला आम्हा रोमा लोकांची वस्ती आहे, तिथे कुणालाही विचारा.

झालं काय, शहरातून रालित्सा नावाची पोरगी आली. फोनवरचा दवाखाना बनवत होती. तुम्हाला विचारून बनवायचाय, आधी वापरून बघा, म्हणाली. मला लगेच माझी थोरली जाऊ आठवली, ग्युल्का. दोन पायऱ्या चढली की लोहाराच्या भात्यासारखी धापते, पण दवाखान्याचं नाव काढलं की चुलीमागे लपते. तिथे आम्हा रोमांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो ना! म्हटलं, हिला तपास तर तुझा फोन खरा.

ग्युल्का कशीबशी फोनसमोर बसली. आमच्यात आजारी माणसाला कुणी एकटं सोडत नाही, त्यामुळे बत्तीस जण जमले. दोघं तर कपाटावर बसले होते, शप्पथ! फोननं विचारलं, तपासणी खासगी असते, खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना? ग्युल्कानं खरं सांगितलं, नाही. फोन बंद. असं तीनदा.

मग मी शहाणीनं झाडू घेतला, सगळ्यांना बाहेर हाकललं, दार ओढून घेतलं.

आतून हंबरडा! बत्तीस माणसं एकदम उठून गेली म्हणजे आपलं संपलं, तोंडावर सांगायला कुणी धजेना, असं बाईनं धरलं.

"मिन्का, तुझी पहिली बनित्सा मीच खारट केली गं! माफ कर, मी चालले!"

सासरी भाजलेल्या त्या पहिल्या चीजच्या पोळीपायी मी चाळीस वर्षं सासूचे टोमणे खाल्ले! सगळे आत घुसलो. ती एकटी दिसल्यावर फोनमध्ये दवाखान्यातला डॉक्टर कधीचा आलेला, बिचारा कान देऊन तिची धाप ऐकत होता.

"आजी, तुम्ही मरत नाही. पण हृदय दमलंय. उद्या दवाखान्यात या."

"एकटी?" ग्युल्काचा आवाज एवढासा.

त्यानं बत्तीस डोकी पाहिली. "सगळ्यांना आणा. मी दारात उभा राहतो."

आणि राहिला हो! रालित्सानं तो प्रश्न काढून टाकला. आता फोन विचारतो, सोबत कोण कोण आहे?

ग्युल्काला आता रोज गोळी असते. ती मीच देते. देताना विचारते, अजून काय काय लपवलंयस, बोल. रोज एकेक निघतं.

काल तिनंच उलट विचारलं, "आणि तू गं?"

मी पाण्याचा पेला तिच्या तोंडालाच लावला.