खरातांची पहिली ओळ

खरात कंपाइल सुरू करायचे आणि खुर्ची मागे सारून उभे राहायचे. हात पाठीमागे बांधलेले, नजर पडद्यावर. ओळी सरकत असेपर्यंत खोलीत कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "त्याला बोलू द्या," म्हणायचे. "मधे तोंड घालू नका." एकदा जनरल मॅनेजर काही विचारायला आले. खरातांनी मागे न बघताच हात वर केला. साहेब अर्धा तास ताटकळले आणि काय विचारायचं होतं तेच विसरून परत गेले.

ही नव्वदच्या दशकातली, महाप्याच्या आमच्या कंपनीतली गोष्ट. खिडकीबाहेर खाणीची धूळ, आत कारखान्याच्या केमिकलचा वास आणि मधे आम्ही युनिक्सवाले, म्हणजे युनिक्स या सिस्टिमवर चालणारी कंपनीची मशीन सांभाळणारे. तयार मिळणारी मोड्यूल्स, म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग, मशीनवर बसवायची तर ती आधी तिथल्या कंपायलरच्या हातून जावी लागत. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देणारा. तो दहा वेळा अडायचा आणि खरात त्याला दहा वेळा मार्गी लावायचे.

मी नवी होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या पडद्यावर तीनेकशे चुका आल्या. मी शेवटच्या चुकीपासून सुरुवात केली. मागून आवाज आला, "मॅडम, तिकडं काय बघायलात? पहिली ओळ वाचा. बाकीच्या तिच्या नावानं रडायल्यात." पहिल्या चुकीनं दाखवलेल्या जागी एक अर्धविराम राहिला होता. तो घातला आणि तीनशेच्या तीनशे गप्प झाल्या.

त्यांचं दुसरं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. नांदेडकडचे होते, जुईनगरला राहायचे. एक वाजला की स्कूटर काढून घरी जायचे, दोनला परत. कुणाच्या डब्याला कधी हात लावला नाही, कुणाच्या लग्नाला आले नाहीत. "घमेंड हाय," आमचा शिपाई म्हणायचा. आम्हालाही तसंच वाटायचं.

मग कंपनीनं एक जुनं युनिक्स मशीन मोडीत काढलं. खरातांनी अर्ज करून ते मागून घेतलं आणि टेम्पोत घालून घरी नेलं. त्यानंतर माणूस खंगायलाच लागला. दाढी वाढली. दुपारी इंटरनेट जोडलं की फ्लॉपीवर काहीबाही उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चुकांचे कागद घेऊन यायचे. तीन महिने हे चाललं.

एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, जरा वाचता? मला आता दिसंनाच काही."

बटण दाबलं की एन्टरची वाट न बघता ते पकडणारं एक छोटं मोड्यूल त्यांना घरच्या मशीनवर बसवायचं होतं. त्या मशीनचा मूळ कंपायलर कधीच काढून टाकलेला, म्हणून खरातांनी फुकट मिळणारा दुसरा आणून बसवला होता. सगळं तयार व्हायचं आणि शेवटी तुकडे जोडताना कोसळायचं. कागदावर शेवटच्या चुकीभोवती लाल पेनानं इतके गोल काढले होते की कागद फाटला होता.

मी पहिली ओळ वाचली. चूक नव्हती, नुसती सूचना होती: हा पर्याय मला ओळखता येत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये खरातांनी कंपायलरचं नाव बदललं होतं, पण त्याला द्यायचे हुकूम जुन्याचेच राहिले होते. नव्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

मी बोट ठेवलं. खरातांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"पहिलीच ओळ," ते म्हणाले. "मी वाचलीच नाही."

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जाताना म्हणाले, "रविवारी चहाला या."

ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नाही. मी गेले.

दोन खोल्यांचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत कॉटवर त्यांची बायको उशांना टेकवून बसवलेली, समोर ते मशीन. "ही सुमन," खरात म्हणाले. "दोन वर्षं झाली. वाचा गेली, हातपाय गेले. उजवं बोट तेवढं हलतं. एक बटण दाबता येतं, एन्टरपर्यंत जात नाही."

पडद्यावर रोमन अक्षरांची रांग होती. उजेडाचा चौकोन एकेका अक्षरावर थांबत पुढे सरकायचा. हवं ते आलं की सुमनवहिनी बोट दाबायच्या. दुपारी एकला ते घरी का धावायचे, ते मला तेव्हा कळलं.

"पहिलं काय लिहिलं वहिनींनी?"

खरात कसनुसं हसले. "मीठ. मला वाटलं, मागायली. डबा आणून दाखवला. तर पुढं लिहिलं, जास्त." ते थांबले. "आमटीत, मॅडम. आमटी मीच करतो. दोन वर्षं गुमान खाल्ली हिनं."

मला हसू आलं. वहिनींचे डोळेही हसत होते. खरात "चहा टाकतो" म्हणून आत गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला. चहाला एवढं पाणी लागत नाही.

वहिनींचं बोट हललं. एक अक्षर. मग चौकोनाचा अख्खा फेरा, मग दुसरं. मी ओठ न हलवता वाचत होते.

येत जा. त्यांना कुणी नाही.

खरात ट्रे घेऊन बाहेर आले. डोळे लाल होते, चेहरा नुकता धुतलेला. त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली, पुन्हा वाचली, ट्रे हळूच खाली ठेवला.

"साखर किती घेता, मॅडम?" त्यांनी विचारलं.