दम धरा

आमचे डोंगरेभाऊ दम लागलेल्या माणसाला दम देतात. भिलाईतल्या ज्या इस्पितळात मी नर्स आहे, तिथे ते फार्मासिस्ट. फुप्फुसाच्या जुनाट दुखण्याचा पेशंट घरी निघाला, की त्याला इनहेलरचा पंप कसा ओढायचा ते समजावणं त्यांच्याकडे. समजावणं कसलं, परीक्षाच ती. पेशंटने पंप ओढायचा, दहा आकडे दम धरायचा, चूळ भरायची आणि मग उलट भाऊंनाच शिकवायचं.

"मी अडाणी आहो समजा. सांगा मले."

खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून दमतो, तरी भाऊंचं "दम धरा" चालूच. स्वतः मात्र लिफ्टचीसुद्धा वाट पाहत नाहीत.

खुर्सीपारचे सहारेकाका दोन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाले, तेव्हा भाऊंनी ते मनाला लावून घेतलं. काका परीक्षेत तर दरवेळी पास. मग चुकतंय कुठे? शेवटी भाऊंनी सोमवारपासून एकेक वार विचारायला घेतला. गुरुवारपाशी काका अडखळले.

"गुरुवारी नाई घेत. माहा वीकली ऑफ."

स्टील प्लान्टमधून रिटायर होऊन काकांना सहा वर्षं झाली होती. तरी गुरुवारी ते स्वतः आराम करत आणि पंपालाही देत.

"औषधाले ऑफ नसते, सहारेजी," भाऊ कडाडले.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी भाऊंचा त्यांना फोन. काका पुन्हा भरती झाले नाहीत.

भाऊंची स्वतःची सुट्टी रविवारची, पण रविवारीही ते वॉर्डात हजर. एकदा मी विचारलंच, "भाऊ, सुट्टीच्या दिवशी कावून येता?"

"तुमची वहिनी गेल्यापासून घरी दम कोणाले देऊ, ताई?"

मला फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा दिला.

परवाच्या गुरुवारी फोन स्पीकरवर होता. काकांनी पंप ओढला, भाऊंनी दहापर्यंत मोजलं. मग काका म्हणाले, "भाऊ, औषधाले ऑफ नसते, पण तुमाले तं आहे नं? या रविवारी जेवाले या. पोरगी विचारून राहिली, काय बनवू म्हणून."

भाऊ चष्मा काढून पुसत बसले. तिकडे काकांचं "हॅलो, हॅलो" सुरू.

शेवटी मीच फोनजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "जरा दम धरा, काका. येतायत ते."