हवाई नाणं आणि विसरभोळी ठमाबाई

एका जंगलात, पोरांनो, पाणी होतं, फळं होती, आणि मोबाईलची रेंज फक्त सागाच्या शेंड्यावर होती. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या जंगलात ठमाबाई नावाची खार राहायची. तोंडाने फटकळ, पायाने चपळ आणि डोक्याने विसरभोळी. मिळेल ते जमिनीत पुरायची आणि कुठे पुरलं ते विसरायची. तशा सगळ्याच खारी विसरतात. पण ठमाबाई माती थोपटता थोपटताच विसरायची.

त्या वर्षी तिचे दिवस भरत आले होते. ढगही जमायला लागले होते. आणि ढोलीत अंथरायला काही म्हणजे काही नव्हतं.

"पिल्लं काय उघड्या लाकडावर टाकू?" ती येईल त्याला विचारायची. तिला सावरीचा कापूस हवा होता.

कापूस विकायचा काटेराव साळिंदर. त्याचा धंदा सोपा. सावरीखाली मनसोक्त लोळायचं, काट्यांत कापूस अडकला की बाजारात येऊन उभं राहायचं. दुकानदारही तोच आणि दुकानही तोच.

बाजारात चिंचोके चालायचे. चिंचोके द्या, कापूस घ्या. देणाऱ्याला दिसायचे, घेणाऱ्याला दिसायचे. अगदीच भूक लागली तर भाजून खाताही यायचे.

मग दूरच्या जंगलातून शिकून हिकमतराव कोल्हा परत आला. डोळ्यांवर काळा चष्मा, तोही सावलीत.

"महाराज," तो सिंहाला म्हणाला, "लाज वाटते हो! जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून चिंचोके चिवडतोय. हवाई नाणं आणा. दिसत नाही, वाजत नाही, झिजत नाही."

"चोरीला जातं का?"

"गेलं तरी दिसत नाही, महाराज."

सिंहाला हे फार पटलं. सिंह काही बाजाराला जात नव्हता. त्याचं जेवण आपल्या पायांनी चालत यायचं.

झालं! दवंडी पिटली. सगळ्यांनी आपापले चिंचोके हिकमतरावाच्या गुहेत जमा करावेत आणि हवाई नाणी घ्यावीत. यापुढे कुणाच्या हातात चिंचोका दिसला तर त्याची गाठ सिंहाशी.

ठमाबाईने आठवले तेवढे चिंचोके उकरले आणि गुहेत नेऊन ओतले. हिकमतरावाने तिला एक मोबाईल दिला आणि कानात गुप्त शब्द सांगितले.

"हे शब्द कुणाला सांगायचे नाहीत. हरवले तर नाणी गेली. मग मीसुद्धा काही करू शकत नाही."

"मग ठेवू कुठे?"

"डोक्यात."

"माझ्या?" ठमाबाई म्हणाली. "मेल्या, त्यापेक्षा नदीत टाक."

तिने शब्द पळसाच्या पानावर कोरले आणि पान नीट पुरून ठेवलं. खारच ती. दुसरं काय करणार?

बाजाराच्या दिवशी ती काटेरावापुढे उभी राहिली. "दादा, ढोलीपुरता कापूस दे."

"एक नाणं पडेल, ताई. पण ते आलं की नाही ते मला कसं कळायचं? मला काही झाड चढता येत नाही."

त्याचीही सोय झाली होती. सागाच्या शेंड्यावर हुपाजी वानर सगळ्यांचे मोबाईल घेऊन बसला होता. नाणं आलं-गेलं की तो वरून ओरडायचा आणि त्याबद्दल दोन्हीकडून केळी घ्यायचा.

ठमाबाई जड पोटाने शेंड्यावर चढली. "धाड नाणं!"

"धाडतोय! गोल फिरतंय!"

"काय गोल फिरतंय?"

"ते कुणालाच माहीत नाही, मावशी. पण फिरतंय!"

ती कंटाळून खाली आली, तर काटेराव म्हणाला, "ताई, आता दोन नाणी झाली. भाव चढला."

"अरे, कापूस तोच, तू तोच, तुझे काटे तेच. चढलं काय?"

"हवा," काटेराव कसनुसा हसून म्हणाला.

तेवढ्यात वरून हुपाजी ओरडला, "फिरायचं थांबलं! गुप्त शब्द मागतंय!"

ठमाबाईने कपाळावर हात मारला. पान! पान कुठे पुरलं?

ती पळाली. बोरीखाली उकरलं. वारुळामागे उकरलं. ओढ्याकाठी उकरलं. पान काही सापडेना. आभाळ गडगडलं, पोटात कळ आली, आणि ठमाबाई कोल्ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उकरतच राहिली.

आणि एका खड्ड्यात पंजाला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं.

चिंचोके! पुढच्या खड्ड्यातही चिंचोके. कधी पुरले होते कुणास ठाऊक. आठवले नव्हते म्हणून गुहेत गेले नव्हते, म्हणून तिचे राहिले होते.

ती गाल फुगवून काटेरावाकडे आली आणि त्याच्या पायाशी चिंचोके ओतले.

"अगं बाई, झाक ते! बंदी आहे!" काटेराव शहारला, काटे खडखडले. मग हळूच म्हणाला, "करवंदीच्या जाळीमागे ये."

जाळीमागे जाऊन बघते तो काय, अख्खा बाजार तिथेच! ससा, मोर, भेकर, सगळे आपापले लपवलेले चिंचोके देऊन सामान घेत होते. आणि सगळ्यांच्या पुढे, पाणकावळ्याकडून खेकडे घेत, हिकमतराव उभा होता. हातात ओंजळभर चिंचोके. चष्मा कपाळावर.

"का हो हिकमतराव?" ठमाबाई कडाडली. "तुमचं ते नाणं कुठंय?"

"ते... ते ठेवायचं असतं, बाई. त्याचा भाव वाढतो. ते असं खर्चायचं नसतं."

"आणि हे चिंचोके कुणाचे?"

"गुहेतले."

"म्हणजे माझे!"

सगळा बाजार हिकमतरावाकडे वळला. मग काटेरावाने शांतपणे हिकमतरावाकडे पाठ केली आणि काटे उभे केले. मोर पुढे सरकला, भेकर पुढे सरकलं. हिकमतराव खेकडे तिथेच टाकून पळाला. गुहेकडे नाही, थेट परदेशी जंगलाकडे. सगळे गुहेत शिरले आणि आपापले चिंचोके घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी ठमाबाईच्या ढोलीत, मऊ कापसावर, तीन पिल्लं झाली. बाहेर धो धो पाऊस. आत तिघंही एकमेकांच्या शेपटीत तोंड खुपसून झोपलेली.

सिंहाने मात्र दवंडी पिटली की हवाई नाण्याची योजना पूर्ण यशस्वी झाली. एकही नाणं झिजलेलं नाही, फाटलेलं नाही, हरवल्याची तक्रार नाही. पुढच्या पावसाळ्यात ठमाबाईच्या एका विसरलेल्या खड्ड्यातून चिंचेचं रोप वर आलं. पळसाच्या पानातून काही उगवलं नाही.

तात्पर्य: पोरांनो, राजाची आज्ञा नेहमी पाळावी. जवळ असेल ते सगळं आनंदाने जमा करावं. फक्त आपल्याजवळ काय काय आहे ते कधी पूर्ण आठवू नये. आणि नवं नाणं घेण्याआधी, ते आणणारा स्वतः खेकडे काय देऊन घेतो, ते जाळीमागे जाऊन बघून यावं.